नवतप्यातलं परीक्षण

परवा नवतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस नागपूर कसं होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळी आठलाच गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी कडक होतात. दहानंतर रस्त्यावर जो कुणी दिसतो त्याचं तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं असतं आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. दुपारी बारा ते पाच कुणी कुणाकडे जात नाही. मला हे दिवस आवडतात म्हटलं तर लोक हसतील. आवडतात असंही नाही. पण या नऊ दिवसांत एकटं असणं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सगळं शहरच दारं लावून आपापल्या खोलीत बसलेलं असतं. एरवी फक्त मी बसलेली असते.

तेरा वर्षांपूर्वीचा नवतपा मात्र मी दार उघडं ठेवून काढला होता.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. महाल भागातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, धंतोलीत बाबांबरोबर दोन खोल्यांत राहायची आणि एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमांची परीक्षणं लिहायची. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, दम्याचे. आई गेली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्यानंतर माझ्या लग्नाचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. बाबांचं औषध, मुलींच्या वह्या आणि सिनेमा यांत वर्षं जात होती, आणि ती जाताना आवाज करत नव्हती.

आमची एक फिल्म सोसायटी होती. पन्नास-साठ सभासद. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी एका कॉलेजचं सभागृह मिळायचं, तिथं छोट्या प्रोजेक्टरवर देशोदेशीचे सिनेमे दाखवायचे. मी समितीवर होते. प्रोजेक्टर चालवायला केशव यायचा.

केशव उमरेडच्या विणकराच्या घरातला. आईबाप दोघंही हातमागावर बसायचे. त्यानं स्वतः मागावर बसायचं सोडून आयटीआय केलं आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर झाला. वय सव्वीस. यंत्राची समज होती म्हणून सोसायटीनं त्याला बोलावलं. तो सभासद नव्हता. सिनेमा संपला की सगळे पांगायचे आणि तो रिळं गुंडाळत बसायचा. डब्यांच्या रजिस्टरवर सही करायला मला थांबावं लागे. तेवढ्या वेळात तो प्रश्न विचारायचा.

"बाई, त्या म्हाताऱ्यानं चिठ्ठी वाचली काहून नाही?"

"त्याला मजकूर आधीच ठाऊक होता म्हणून."

"मले वाटलं, त्याले चष्मा नव्हता."

मी हसायची. घरी येऊन विचार करायला लागले की वाटायचं, चष्म्याचंच बरोबर असेल. त्या काळात माझ्या ज्या परीक्षणांची लोकांनी तारीफ केली, ती अर्धी केशवची होती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

मग तो घरी यायला लागला. आधी पुस्तक न्यायला, मग कूलरचा पंप बघायला, मग नुसताच. हिंगण्याहून सायकल मारत यायचा, अंगणातल्या नळावर तोंड धुवायचा, बाबांजवळ बसायचा. बाबा त्याच्याशी पोस्टातल्या जुन्या गोष्टी बोलत. त्या गोष्टी मी शंभरदा ऐकलेल्या. तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐके. दोघांचं बोलणं पुढच्या खोलीतून ऐकू येत असताना मी आत भाकरी करायची, आणि भाकरी उगाच जास्त व्हायच्या.

होळीनंतरच्या एका संध्याकाळी आम्ही अंबाझरीच्या बांधावरून चाललो होतो. तो सायकल हातात धरून. पाणी खाली गेलं होतं, काठाचा चिखल भेगाळला होता. तो एकदम म्हणाला, "उन्हाळ्यात एक डाव उमरेडले चला. माय पाहाले मागते तुमाले."

"आईला काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"सांगतलं, मले आवडतात म्हणून."

मी पदर सारखा केला. मग मी शिक्षिकेसारखं बोलले. "केशव, बारा वर्षांचं अंतर आहे."

"मले मोजता येते, बाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, पेपर तपासून होऊ देत, शाळेला सुट्टी लागू दे, मग जाऊ. हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं. त्या रात्री मी आरशासमोर उभी राहिले आणि कानामागचे पांढरे केस किती आहेत ते पाहिलं. होते बरेच. पण त्या दिवशी त्यांचं वाईट वाटलं नाही.

उमरेडला जायचं अजून राहिलंच होतं, तोवर मे महिन्याच्या शेवटी तो सिनेमा आला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. मराठीच होता, कमी खर्चात केलेला, गाण्याबिण्याशिवायचा. मुंबईच्या साप्ताहिकानं त्याच्यावर दोन पानं लिहिली होती. पुण्याच्या एका मासिकानं दिग्दर्शकाला धाडसी म्हटलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असंही छापून आलं होतं. सीताबर्डीवरच्या एका थिएटरवाल्यानं आठवडाभर सकाळचा खेळ लावायची तयारी दाखवली होती, पण आधी सोसायटीत लोकांना कसा वाटतो ते बघू म्हणाला.

गोष्ट साधी. एका खेड्यातल्या दवाखान्यात चाळिशीची नर्स. तिच्या घरात भाड्यानं राहायला आलेला पंचविशीचा मास्तर. दोघांचं जुळतं. गाव बोलायला लागतं. शेवटी दोघं सामान बांधतात आणि दुसऱ्या गावी जाऊन राहतात. शेवटच्या दृश्यात ती भिंतीला चुना लावते आहे आणि तो बादली धरून उभा आहे. संपलं. कुणी मरत नाही, कुणी पस्तावत नाही.

सभागृह भरलं होतं. नवतप्याचा तिसरा दिवस. पंखे गरम हवा फिरवत होते, बायका पदरानं वारा घेत होत्या. मधल्या एका दृश्यात नर्स तापानं पडलेली असते आणि मास्तर तिचे केस विंचरतो. त्याला विंचरता येत नाही. गुंता निघत नाही. केस जिथं दुभंगतात तिथं पांढरी रेघ दिसते. तो थांबतो, पुन्हा कंगवा घालतो. कुणी बोलत नाही. तीन-चार मिनिटं नुसतं तेवढंच.

मागून कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "आई शोभते गा त्याची!"

सगळं सभागृह हसलं. ते हसू थांबायच्या आतच रीळ संपलं. आमच्याकडे एकच प्रोजेक्टर, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लावावे लागत. दिवे लागले आणि माझा चेहरा तसाच ओला राहिला होता. दोन खुर्च्या सोडून आमच्या शाळेत भूगोल शिकवणारी कुंदा बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागे प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्या केशवकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, छायाचित्रण उत्तम आहे, पण समाजानं यातून काय घ्यायचं? एक वकील म्हणाले, बाईनं मोहात पडावं हे समजू शकतं, पण दिग्दर्शकानं तिला काही किंमत मोजायला लावली नाही, ही त्रुटी आहे. एका तरुण कवीनं सिनेमाची बाजू घेतली, पण तो इतकं अवघड बोलला की सिनेमा जास्तच परका वाटायला लागला. मग पुन्हा कुणी त्या कंगव्याचा विषय काढला आणि पुन्हा हसू उसळलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हसून काहून राहिले तुम्ही?"

सगळे वळले. केशव हातात रिकामं रीळ घेऊन उभा होता. "मी इचारतो, त्यात हसासारखं काय हाय? मायले ताप आला तं आपण तिचे केस नाही विंचरत? मंग जे माणूस आवडते त्याचे विंचरले तं काय झालं?"

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "चर्चा सभासदांसाठी आहे. ऑपरेटरनं मधे बोलू नये."

मी पहिल्या रांगेत बसले होते. समितीवर होते. एवढंच म्हणायचं होतं की त्याला बोलू द्या. मी माझ्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि लावली. केशव एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग तो कामाला लागला.

लोक गेल्यावर मी रजिस्टरवर सह्या करायला थांबले. तो रागावला असेल असं वाटलं होतं. नव्हता. रीळ बांधता बांधता म्हणाला, "त्यायचं जाऊ द्या. तुमाले कसा वाटला?"

मी म्हटलं, "केशव, मला वाटलं, कुणी तरी आपल्या घरात येऊन बघून गेलं." बोलता बोलता मला पुन्हा रडू आलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, कारण शाई रजिस्टरवर सांडत होती. तेवढाच हाताला हात लागला. त्या सिनेमाचं ते माझं खरं परीक्षण. एका वाक्याचं. ते ऐकणारा एकच माणूस होता.

बाहेर फाटकाशी कुंदा रिक्षात बसत होती. मला बघून थांबली. "अजून आतच होतीस?" मग हसून, अगदी प्रेमानं म्हणाली, "तुला तर आवडलाच असेल ना, सिनेमा?"

रिक्षा गेली. तिच्या त्या एका वाक्यात शाळेची स्टाफरूम होती, मुख्याध्यापिकांची खोली होती, शेजारच्या खिडक्या होत्या. सिनेमा आवडला असं मी लिहिलं, तर ते काय म्हणून वाचलं जाईल हे मला लख्ख दिसलं.

परीक्षण बुधवारी द्यायचं होतं. मी ते एका बैठकीत लिहिलं. सफाईदार लिहिलं, कारण लिहिताना मी तिथं नव्हतेच. छायाचित्रणाचं कौतुक केलं, नर्सचं काम करणाऱ्या नटीला दाद दिली. आणि शेवटी लिहिलं की शेवट अस्वाभाविक आहे. तरुण पुरुषाला प्रौढ स्त्रीविषयी आदर वाटू शकतो, दया वाटू शकते, पण त्या दयेला प्रेम समजण्याची गल्लत दिग्दर्शकानं केली आहे.

माझ्या कुठल्याही लेखाचं त्याच्याइतकं कौतुक झालं नाही. पुरवणीचे संपादक स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, एका स्त्रीनं लिहिलं म्हणून वजन आलं बघा." वाचकांची पत्रं आली. मुख्याध्यापिकांनी सुट्टीत चिठ्ठी पाठवून अभिनंदन केलं. कुंदानं भेटून पाठीवर हात ठेवला. थिएटरवाल्यानं सकाळचा खेळ रद्द केला. बाईंनीच असं लिहिल्यावर कोण येईल, म्हणाला. त्यामुळे तो सिनेमा नागपुरात पुन्हा लागलाच नाही. साठ माणसांनी पाहिला आणि हसून घरी गेली.

रविवारी परीक्षण छापून आलं. सोमवारी, नवतपा संपून तीन दिवस झाले तरी ऊन तसंच असताना, भर दुपारी केशव आला. पायरीवर उभा राहून त्यानं दुपट्टा सोडला. चेहरा तापून काळवंडलेला. हातात घडी केलेला पेपर. बाबा आत झोपले होते.

"बाई, हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"कोणी लिवाले लावलं?"

"नाही. मीच लिहिलं."

त्यानं पेपर उघडला, बोट ठेवलं. "इथं दया म्हणून लिहिलं हाय. तुमाले तसं वाटते काय? मले तुमची दया येते म्हणून?"

"ते सिनेमाबद्दल आहे, केशव."

"सिनेमाबद्दल तुम्ही मले तवाच सांगतलं होतं," तो म्हणाला. "त्या टाइमाले तुम्ही रडून राहिल्या होत्या."

एकच शब्द पुरला असता, चुकले, एवढासुद्धा. शब्दांवर तर माझं पोट चालत होतं. पण त्या दुपारी मला शेजारच्या घराची अर्धी उघडी खिडकी दिसत होती, आणि मी आवाज खाली करून म्हणाले, "आत ये आधी. लोक बघतात."

तो हसला. रागाचं हसू नव्हतं ते. माणूस एखादं गणित सुटल्यावर हसतो, तसा. "कोणी नाही पाहून राहिलं, बाई," तो म्हणाला. "सगळे झोपले हायत."

आतून बाबांनी विचारलं, "केशव आला काय गा? पन्हं दे त्याला." तो आत आला, बाबांजवळ बसला, पन्हं प्यायला, त्यांच्या दम्याची चौकशी केली. मग उठला. दारात मला म्हणाला, "येतो, बाई." नेहमी म्हणायचा तसंच.

महिन्याभरात तो भिलाईला नोकरी धरून गेल्याचं सोसायटीत कळलं. मी पत्र लिहायला बसले, अनेकदा बसले. दर वेळी ते परीक्षणासारखं व्हायला लागलं, म्हणून फाडलं. पुरवणीतलं लिखाण मी त्याच वर्षी थांबवलं. संपादकांना सांगितलं, बाबांची तब्येत. बाबा काही दिवस विचारायचे, केशव काहून येत नाही? मग विचारायचे थांबले. दोन वर्षांनी, शेवटच्या आजारात, एका संध्याकाळी ते एकदम म्हणाले, "तो पेपर मी वाचला होता, बेटा." माझ्या हाताला धरून पडून राहिले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

बाबा गेल्यावर चार वर्षांनी बोर्डाच्या परीक्षेच्या कामासाठी मला उमरेडला पाठवलं. मार्च होता. तिसऱ्या दिवशी पेपर लवकर संपला आणि माझे पाय विणकरांच्या वस्तीकडे वळले. घर विचारत विचारत गेले. एक उंच, वाळलेल्या अंगाच्या बाई ओट्यावर सूत उकलत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "तुम्ही नागपूरच्या शाळेतल्या बाई न?"

"कसं ओळखलं?"

"तो सांगे. चष्मा हाय, न् बोलाच्या आंधी जराशी थांबते म्हणे."

त्यांनी पाणी दिलं. केशव बरा आहे, दोन पोरी आहेत, मोठीला सिनेमाचा भारी नाद, असं सांगितलं. मग सहज, जुनी गंमत सांगावी तसं म्हणाल्या, "त्या साली तुम्ही येणार होत्या म्हणून मी लुगडं इणून ठेवलं होतं. जांभळं."

"मग?"

"मंग काय. सुनेले देल्लं. तिले काही तो रंग आवडला नाही." आणि त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात मला कुठं दोष दिसला नाही. तो शोधत मी बसमध्ये नागपूरपर्यंत आले.

त्यालाही आता सात वर्षं होत आली. आता मी एकटीच राहते. शाळेतून येते, कूलर लावते, एका माणसाचा वरणभात करते. शेजारी शकुंतलाबाई आहेत, त्यांची मुलगी मंजू बीएला आहे. त्यांच्याकडे टीव्ही आहे. रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमा लागतो. त्या मला हाक मारतात, मी बहुतेक वेळा काम असल्याचं सांगते. या रविवारी मंजूनं सिनेमाचं नाव सांगितलं आणि मी चप्पल पायात घातली.

तेरा वर्षांनी तो पुन्हा पाहिला. छोट्या पडद्यावर, खरखर करणारा. शकुंतलाबाई शेंगा सोलत होत्या. केस विंचरण्याचं दृश्य आलं. मी श्वास धरून बसले. कुणीच हसलं नाही. शकुंतलाबाईंचा हात थांबला, एवढंच. कंगवा गुंत्यात अडकला तेव्हा त्या पुटपुटल्या, "हळू गा, दुखते न तिले."

शेवटचं दृश्य आलं, भिंतीला चुना लावला गेला, सिनेमा संपला. शकुंतलाबाई डोळे पुसत मुलीला म्हणाल्या, "बरं झालं वं, दोघं संगं राह्यले. मले वाटलं, मारतात का काय तिले."

त्या वर्षी वकील, प्राध्यापक, कवी आणि मी, आम्हा सगळ्यांना जे म्हणता आलं नव्हतं, ते शकुंतलाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या.

मंजूनं विचारलं, "मावशी, तुम्ही पेपरात लिहायच्या ना आधी? याच्यावर लिहिलं होतं काय?"

"हो."

"काय लिहिलं होतं?"

"वाईट लिहिलं होतं."

"काहून? आवडला नव्हता?"

"खूप आवडला होता."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. टीव्हीवर बातम्या लागायच्या होत्या, फुलांचं चित्र स्थिर उभं होतं आणि सतार वाजत होती. शकुंतलाबाई चहा करायला उठल्या होत्या. आठवत नाही म्हणून मला विषय टाळता आला असता. त्याची मला सवय होती.

"एक माणूस होता," मी म्हणाले. "केशव नाव त्याचं."

हे नाव बाबांच्यानंतर मी मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं. उमरेडलासुद्धा नुसतं घर विचारलं होतं, बापाच्या नावानं. खोलीत ते नाव ऐकून मलाच दचकायला झालं.

शकुंतलाबाई दारातून परत फिरल्या. त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या.

"सांगा, बाई," त्या म्हणाल्या. "चहा मंग मांडतो."